हलेल त्यालाच गारवा

एका जंगलात दवाखाना होता. हसू नका रे पोरांनो, जनावरंही आजारी पडतात. फक्त तुमच्यासारखी शाळा बुडवायला पडत नाहीत.

उन्हाळ्यात तिथं यंत्रानं गार हवा सोडत. रिकाम्या खोल्यांतसुद्धा! सिंह महाराजांसाठी राखलेली खोली तर सदा गारेगार. महाराज तिथं कधी शिंकायलाही आले नव्हते.

शेवटी हुकूम सुटला: रिकाम्या खोलीतली गार हवा बंद. हुकूम चांगला होता. पण पडला तरस साहेबांच्या हाती. साहेबांनी दारादारावर एकेक सरडा बसवला. आत कुणी दिसलं नाही की त्यानं गार हवेचा खटका खाली ओढायचा.

आता सरड्याला दिसतं काय? हलेल तेवढंच. माशी दिसते, हत्ती झोपला तर दिसत नाही.

एका खोलीत भिवबा अस्वल होता. ऊन लागून अंगाची नुसती भट्टी झालेली. डॉक्टर बगळ्यानं बजावलं होतं, "भिवबा, निपचित पडायचं. आणि अंग तापू द्यायचं नाही, नाहीतर जिवाला मुकाल."

भिवबा निपचित पडला. खटका खाली.

"अरे ए!" भिवबानं पंजा उगारला. खटका वर. पंजा टेकला. खटका खाली.

"आंधळ्या, मी आहे ना इथं!"

"आत्ता आहात. मघाशी नव्हतात."

साळिंदर सिस्टर तणतणत साहेबांकडे गेली. "साहेब, पेशंट उकडून मरायला लागलाय!"

"बचत बघा ना सिस्टर! निम्मा दवाखाना रिकामा निघाला."

"आणि महाराजांची खोली?"

"ती भरलेली आहे. तिथं माकड नेमलंय, दिवसभर उड्या मारायला."

इकडे भिवबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मग मात्र तो जिवाच्या आकांतानं खाटेवर उभा राहिला आणि नाचायला लागला. पाय लटपटत होते, जीभ बाहेर आली होती. पण वारं काय सुटलं, अहाहा!

तेवढ्यात डॉक्टर बगळा फेरीला आला.

"वा! नाचताय? म्हणजे खणखणीत बरे झालात. चला, घरी जा."

"डॉक्टर, अहो, मी..."

"आभार नकोत, कर्तव्य आहे."

भर दुपारी भिवबाला बाहेर उन्हात काढलं. सरड्यानं खोलीत पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच खरोखर रिकाम्या खोलीचा खटका खाली ओढला.

तात्पर्य: दवाखान्यात जाताना आजारी असू नये. गारवा हवाच असेल, तर तब्येत धडधाकट ठेवावी आणि रिकाम्या खोलीत उड्या मारायची नोकरी धरावी.