गुडगुड्याचं नेचं

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना भाऊसाहेब डबा उघडून बसले होते, तेवढ्यात उद्यानाचा पहारेकरी टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, लोक विचारतायत, डायनासोर कुठाय?"

"कुठला डायनासोर?"

"गुडगुड्या."

भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. वनस्पती उद्यानाचे हे हेडक्लार्क म्हणजे मोठं कडक प्रकरण. तेहतीस वर्षांत एकही ठपका नव्हता, आणि तसंच स्वच्छ घरी जायचं एवढी एकच हौस उरली होती. 'गुडगुड्या' हे नाव जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्यांची ताई, आणि दुसरे ते स्वतः, कारण गुडगुड्या तेच होते.

ते तसेच उष्ट्या हातानं वाफ्यापाशी धावले. सावलीतल्या नेच्यासमोर, म्हणजे फर्नसमोर, सकाळीच नवी पाटी लागली होती. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'जंगली नेचं. डायनासोरांच्या राज्यात हे फक्त गुडगुड्यासाठी राखीव. गुडगुड्या दिसायला दांडगा, पण अंधाराला घाबरतो. म्हणून त्याची ताई त्याला ही पानं पांघरते. दुसऱ्या कुणी खाल्ल्यास उचकी लागेल.'

त्याचं असं झालं होतं. गेल्या महिन्यात ताईनं घर बदललं, तेव्हा एक जुनी वही सापडली. धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना गोवरानं महिनाभर अंथरुणाला खिळला होता. त्याचं मन रमावं म्हणून ताईनं त्या वहीत डायनासोरांचं अख्खं राज्य वसवलं होतं. भाऊसाहेबांनी वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, फाईल आड धरून चार-चारदा वाचली, आणि नेच्याच्या पानावर कौतुकानं खूण घातली. पाट्यांच्या मजकुराची वहीही त्याच ड्रॉवरमध्ये होती, आणि टायपिस्टबाईंना त्यांनीच सांगितलं होतं, "खूण घातलेलं पान घ्या."

"अहो, तुम्ही वाचलं नाहीत?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मी टाईप करते, भाऊसाहेब. वाचत बसले तर काम कधी करू? आणि खाली 'तपासले' म्हणून तुमची सही आहे की."

सही होती खरी. नेच्याचा मजकूर तोंडपाठ आहे, त्यात काय बघायचं, म्हणून त्यांनी डोळे झाकून केली होती.

पाटी बदलायला अधीक्षकांची मंजुरी हवी, मंजुरीला कारण हवं, आणि कारण लिहिलं की चूक कबूल. भाऊसाहेब गप्प बसले. इकडे गर्दी वाढत गेली. पहारेकरी बिचारा उत्तरं देऊन थकला, शेवटी सांगू लागला, "गुडगुड्या झोपलाय, हळू बोला." गंमत म्हणजे लोक खरंच हळू बोलत. भाऊसाहेबही घरी जाताना रोज तिथे थांबत आणि पाटी पहिल्यापासून वाचत. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटायचं.

आठव्या दिवशी एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली: दोन पानं खाल्ली, उचकी लागली नाही.

निरोपसमारंभात ताई पहिल्या रांगेत होती. अधीक्षकांनी भाऊसाहेबांची तोंडभर स्तुती केली, फुलं दिली आणि ओशाळून एक लिफाफाही दिला. आत मेमो होता: चुकीच्या माहितीबद्दल खुलासा करावा.

"मनाला लावून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "टायपिस्टची चूक म्हणून लिहा. विषय मिटला."

मागच्या रांगेत टायपिस्टबाईंचा चेहरा उतरला.

ताईनं मेमो ओढून घेतला. "चुकीची माहिती? एक ओळ चुकीची दाखवा म्हणावं."

भाऊसाहेब आपल्या टेबलाशी जाऊन बसले. पेन उघडलं आणि अस्सल सरकारी भाषेत लिहिलं: 'सादर खुलासा करण्यात येतो की, सदर मजकूर मी स्वतः दिला व तपासला. टायपिस्टचा दोष नाही. उपरोक्त गुडगुड्या म्हणजे प्रस्तुत कर्मचारी. तो लहानपणी अंधाराला घाबरत असे. माहिती खरी आहे.'

ताई खांद्यावरून वाचत होती.

"लहानपणी? परवा वीज गेली तेव्हा मला फोन कुणी केला रे?"

भाऊसाहेबांनी ती ओळ खोडली, वर 'अजूनही घाबरतो' असं लिहिलं, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली, आणि कागद अधीक्षकांच्या हातात दिला.