दुसऱ्यांदा वाढून घेणे

लग्नाचा होकार माणूस तोंडाने देतो, हा समज शहरी आहे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात १९८६ सालीही होकार ताटावरून कळे, आणि पद्धत इतकी निर्दोष होती की तोंड उघडायचं काम फक्त घास घालण्यापुरतं पडे. मुलगी पाहायला गेलेल्या वरपित्याने चमचाभर शिरा खाल्ला तर नकार. वाटी संपवली तर विचार करून कळवतो. (कळवत कोणी नसे.) दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर मुलगी पसंत. तिसऱ्यांदा घेतलं की त्याची स्वतःची बायको डोळे वटारी, म्हणजे मुहूर्त काढायला हरकत नाही. भागातली शेकडा नव्वद लग्नं अशी शिऱ्यावर ठरली. उरलेल्या दहांत तूप कमी पडलं होतं.

पुंडलिकराव या व्यवस्थेचे आधारस्तंभ. पांढुर्ण्याला त्यांची संत्र्याची बाग होती आणि बागेला शोभेल असं पोट होतं. भाऊबंदांत कुणाचंही मुलगी पाहणं असो, वरपित्याच्या जागी खायला यांना नेत. पण तिगावच्या ठेंगण्या फलाटावरून त्यांना डब्यात ढकलायला चार माणसं लागली आणि गाडी खोळंबली, तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टर पुतण्याने मनावर घेतलं. त्याच्या ओळखीच्या सर्जनने मुंबईत पुंडलिकरावांचं जठर कापून, शिवून, लहानशा संत्र्याएवढं करून दिलं.

वजन उतरलं. सोबत जीभही फिरेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. गोडाच्या वासाने मळमळे. शिऱ्याचा घास पोटात गेला की दरदरून घाम फुटे आणि छाती धडधडे. उलट ज्या जवसाच्या चटणीकडे त्यांनी जन्मभर ढुंकून पाहिलं नव्हतं (ती बागेतले मजूर भाकरीवर खात), तिच्यासाठी जीव कासावीस होई. त्यांच्या बायकोला, देवकाबाईंना, चार बाळंतपणांत असे डोहाळे लागले नव्हते.

हे सगळं नेमकं मुलाच्या, श्रीधरच्या, लग्नाच्या वेळी व्हावं! ऑपरेशनचा शब्द बाहेर काढायचा नाही, असा देवकाबाईंचा हुकूम होता. "पोट कापेल मानूस म्हटलं तं लोक घरान्यातच रोग हाय म्हनतीन. कोन देईन पोरगी?" सोमवार करून वजन उतरलं, असं जाहीर करण्यात आलं. मग लोधीखेड्याला एक चमचा झाला, बोरगावला एक चमचा झाला, आणि दोन्ही घरांनी बोलणं टाकलं. श्रीधर गरीब स्वभावाचा, त्याने ते चालवून घेतलं. पण सौंसरच्या उर्मिलेवर त्याचा खरोखर जीव जडला होता. तिच्या घरी निघताना तो वडिलांना म्हणाला, "बाबा, पाया पडतो, या टायमाले दोनदा घ्या."

मुलीचे वडील रघुनाथराव यांच्या बैठकीत शिरा आला. वर तूप तरंगत होतं. पुंडलिकरावांनी मुलाकडे पाहत एक चमचा गिळला, दुसरा गिळला, आणि बनियन पाठीला चिकटलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. रघुनाथरावांचा चेहरा पडला. मुलीच्या आई शकुबाई दारातून म्हणाल्या, "काहून जी, गोड कमी पडलं का?" श्रीधर मान खाली घालून सतरंजीचे धागे उपटू लागला.

तेवढ्यात आतून वास आला. भाजलेलं जवस, लसूण, लाल मिरची. पुंडलिकरावांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की राहवेना. "आतमंधी कोनी जवसाची चटनी खाऊन राह्यलं का?"

मुलीच्या घरी मजुराचं खाणं मागणे, याच्या अर्थाबद्दल जाणकारांत दुमत नव्हतं: एक तर अपमान, नाही तर हुंड्याची सुरुवात. रघुनाथराव ताठ बसले. "पोरगी पसंद नसन तं तसं सांगा. आमची लायकी काढाची गरज नव्हती."

पुंडलिकरावांनी मुलाच्या मुठीतले सतरंजीचे धागे पाहिले आणि सदरा वर केला. "हे पाहा जी. पोट कापेल हाय माझं. अजून शिरा खाल्ला तं इथंच आडवा होतो. पोरगी लाखाची हाय. पन मले खरंच चटनी पाह्यजे." देवकाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

उत्तर आतून थाळीत आलं. पाहुण्यांच्या आधी जेवायचं नाही म्हणून सकाळपासून उपाशी असलेली उर्मिला चुलीशी बसून चोरून खात होती. भाकरीचा कुरकुरीत पापुद्रा, त्यावर चटणी आणि तेलाची धार, असं तिने त्यांच्यापुढे ठेवलं. "मलेबी शिरा नाही आवडत, काकाजी."

पुंडलिकरावांनी पापुद्रा चावून चावून संपवला. मग थाळी पुढे केली. "अजून वाढ, बाई."

रघुनाथरावांनी नियम मनातल्या मनात तपासला. दुसऱ्यांदा घेतलं पाहिजे, एवढंच त्यात होतं. काय घेतलं पाहिजे याबद्दल पूर्वज काही बोलले नव्हते. त्यांनी शकुबाईंना कुंकू आणायला सांगितलं. श्रीधरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चटणी न खाताच त्याने ते मिरचीच्या माथी मारलं.

लग्न थाटात झालं आणि पद्धतीत तातडीने सुधारणा करण्यात आली. पुढच्या मोसमापासून भागभर वरपित्यापुढे शिऱ्याऐवजी जवसाची चटणी येऊ लागली. धडधाकट पोटाची, शिऱ्यावर जीव टाकणारी माणसं नाक पुसत दुसऱ्यांदा चटणी मागू लागली. ज्याला जे आवडतं ते त्याने मागावं, असं पुंडलिकराव घसा कोरडा करून सांगत. तो त्यांचा विनय समजला गेला.

हसा खुशाल. परवा तुम्हीही कुणाकडे तरी नावडतं गिळून "फार छान झालंय, थोडं वाढा" म्हणालात, आणि तुम्हाला हवं होतं ते आत कोणीतरी चोरून खात होतं. पुंडलिकरावांना खरं बोलायला पोट कापून घ्यावं लागलं. तुमचं नेमकं काय कापावं, एवढंच सर्जनला कळवायचं राहिलं आहे.