होडीवरील छताबाबत प्राप्त सूचना

ज्या माणसाचा उद्या मृत्यू व्हायचा असतो, त्यालाही आज आपण सूचना करू शकतो. कायद्याने त्यास मनाई नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, बाळकुमच्या आमच्या सोसायटीत पंपघरामागे, बाबा आपल्या बारा फुटी शिडाच्या होडीत स्टुलावर बसले होते. डोक्यावर नवं छत होतं. मी डोंबिवलीहून आले होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे झोळ आलाय," मी म्हणाले.

"बघतो. उद्या भरतीला खाडीत उतरवायचीय. येशील?"

"बघते."

रविवारी पहाटे ते झोपेतच गेले.

आता छताविषयी. डॉक्टरांनी बाबांना उन्हात बसायला बंदी केली होती. होडी खाडीत, खाडी उन्हात. तेव्हा छत नाही तर होडी नाही, इतकं ते सरळ होतं. मार्चमध्ये त्यांनी दोन बांबू आणि जाड सुती कापड आणून एका सकाळीत छत केलंही. शीड उतरवलं की त्याच्या खालच्या आडव्या दांडीवर कापड टाकायचं आणि कडा बांबूंना बांधायच्या. शीड चढवायचं असेल तेव्हा कापड गुंडाळायचं. त्याच आठवड्यात ते पाण्यात जाऊ शकले असते. परंतु सोसायटीच्या आवारात केलेली कोणतीही वस्तू सूचनांशिवाय पूर्ण झाली असं समजण्यात येत नाही.

आमच्याकडे एकशे बारा सदनिका आहेत. होडी चालवता येणारी सदनिका: एक. होडीवर छत कसं असावं हे ठाऊक असणाऱ्या सदनिका: एकशे अकरा. (यातली एक रिकामी आहे. तिचे मालक दुबईहून फोटो मागवून मत कळवतात.)

पहिली सूचना सचिव विनीत यांची.

"काका, साइडने पण घ्या ना. ऊन काय वरूनच येतं का?"

बाबांनी बाजूंना पडदे लावले. पडद्यांमुळे आत उकडायला लागलं, म्हणून पडद्यांना खिडक्या काढल्या. खिडक्यांतून डास येतील, म्हणून जाळ्या. एवढं वजन बांबूंना पेलेना, म्हणून लोखंडी खांब. मग तळमजल्याच्या हौसाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"प्रफुल्लभाऊ, पावसाचं पाणी कुठं जाणार?"

"होडीतच."

"तेच बोलते मी."

पन्हळ बसली. तिचं तोंड गटाराकडे असावं की बागेकडे, यावर व्यवस्थापन समितीच्या दोन बैठका झाल्या. होडी खाडीत गेल्यावर हा प्रश्न उरत नाही, असं बाबांनी सांगितलं. (त्याची नोंद घेण्यात आली.)

खांब आल्यावर शिडाची दांडी फिरेना. तेव्हा विनीत म्हणाले, "मग काका, ती डोलकाठीच कापून टाका. नुसती उभी तर आहे." सगळ्या सूचनांपैकी बाबांनी नाकारली ती एवढीच. "राहू दे," ते म्हणाले, "तोवर वल्हवत नेईन."

बाकीच्या का मानल्या, याचं कारण मानपाड्याला आहे. तिथल्या कारखान्यात सूचनापेटीची किल्ली तीस वर्षं त्यांच्याकडे होती. पेटी उघडून आतलं वाचणारे ते त्या कारखान्याच्या इतिहासातले पहिले आणि शेवटचे कर्मचारी. निवृत्त होताना ती पेटी तिथे कोणालाच नको होती, म्हणून त्यांनी घरी आणली आणि पुढे डोलकाठीला टांगली.

"कुणी काही सांगतंय म्हणजे त्याचं आपल्याकडे लक्ष आहे," असं ते म्हणायचे.

"लक्ष आहे हो," आई म्हणायची, "पण एकानं छत्री दिली का?"

स्तुतीची मात्र आमच्या घरात पद्धत नाही. स्तुतीने माणूस शेफारतो. दहावीला मला एक्क्याण्णव टक्के मिळाले, तेव्हा बाबांनी पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवत विचारलं होतं, "भूमितीत काय झालं?" स्तुती करताच येत नाही असं नाही. संबंधित व्यक्ती मयत असावी, एवढी एकच अट आहे.

ती अट पूर्ण होताच कामाला गती आली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ऊन फार होतं आणि मंडप तोकडा पडला, म्हणून म्हातारी मंडळी होडीत जाऊन बसली. "काय सावली केलीय काकांनी," विनीत म्हणाले. हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्रिसरण-पंचशील झालं. नंतर फोटो जरा उजवीकडे घ्या, मेणबत्ती वाऱ्याच्या आड ठेवा, आईला एकटं सोडू नका, आईला जरा एकटं राहू द्या, अशा सूचना रीतसर आल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन एकाच बाईंच्या होत्या.

पुढच्या सभेत ठराव झाला. होडी पाण्यात गेल्यास सोसायटीची गैरसोय होईल, सबब तिचं ज्येष्ठ नागरिक विसावा केंद्र करावं. डोलकाठी डोक्याला लागते, ती काढावी. हा ठराव मी विचारार्थ ठेवून घेतला आहे. (आमच्याकडे नकाराला असं म्हणतात.)

काल दुपारी मी होडीत जाऊन बसले, त्यांच्याच स्टुलावर. डावीकडचा झोळ बघायला मान वर केली. झोळ नव्हता. शनिवारी मी निघाल्यावर त्यांनी तिथली दोरी ताणून पुन्हा बांधली होती. डावीकडे ओढ बसल्यामुळे आता उजवीकडे झोळ आला होता.

दोन्ही दोऱ्या एकदम ताणायच्या ना, असं तुमच्या मनात आलंच असेल. मूळचे बांबूच बरे होते, हेही. ही गोष्ट थोडी आटोपशीर हवी होती, हेही. अवश्य कळवा. पेटी डोलकाठीलाच आहे आणि किल्ली आता माझ्याकडे असते.

पंपघरावरून जाताना विनीत थांबले. छताकडे बघून म्हणाले, "मेघनाताई, उजवीकडे झोळ आलाय बघा."

"हो," मी म्हणाले.

ते तिथेच उभे होते. ऐकतील तर ऐकू देत, म्हणून मी आवाज खाली घेतला नाही.

"बाबा, छान झालंय."