शेवंतीच्या फुल्या

त्या दुपारी आमी दोघं वसरीत अष्टाचंग खेळलो. माह्या बायकोनं, शेवंतीनं, सारवलेल्या जमिनीवर कोळशानं पट काढला. पाच घरं आडवी, पाच उभी. चार फोडलेले चिंचोके घेतले आन् बसली.

नातवंडं झालेली बाई, पण रिकामी जमीन दिसली का तिचा हात कोळशाकडे जाये. पुसदले लग्नात गेलो, त मांडवामागं पट. घाटंजीच्या बजाराले जाताना टेम्पोच्या फळीवर पट. एकदा दवाखान्यात नंबर यायचा होता, त हिनं बाकड्यावरच खडूनं घरं काढली. नर्सबाई खेकसली, "आजी, हे काय?" शेवंती म्हणे, "बसतं का एक डाव?"

पण इतकं करून पट तिले नीट आलाच नाई. फुलीची घरं पाच. फुलीवरची गोटी मारता येत नाई. हे लेकराले बी माहीत. हिच्या पटावर कधी सात, कधी नऊ. डाव रंगात आला का म्हणे, "थांबा वो, इथली एक फुली काढाची राह्यली."

मी म्हणो, "बयताड, चाळीस वर्सं झाली, पाच फुल्या ध्यानात राहत नाई तुह्या?"

"तुमाले काय करा लागते? जितून त राह्यले."

जितत होतोच मी. गावभर सांगत फिरो.

त्या दुपारी तिनं चिंचोके टाकले. चंग पडला, म्हंजे चार घरं. तिनं कोळसा उचलला आन् म्हणे, "हात भरून आला वो." तिथंच आडवी झाली. मी म्हटलं, "हारून राह्यली त नाटकं कायले करतं? ऊठ." दोनदा म्हटलं. असं म्हटलं मी. गाडी येईपर्यंत सारं सपलं होतं.

सांजच्याले मसनातून आलो त घर सारवलेलं. माणूस गेलं का बाया मागं घर सारवतात, रीतच हाये. पण वसरीत पटाएवढी जागा तशीच कोरडी. गोट्या जाग्यावर. शेजारच्या कौसाबाईनं सभोवार सारवलं, पट सोडला.

माही मोठी बहीण तिच्यावर तडकली, "घर अर्धं इटाळात ठेवतं का वो? पूस ते!"

कौसाबाई हटली नाई. मले म्हणे, "भाऊ, एक ऐका. आमच्यासंग शेवंतीबाई पाचच फुल्या काढे. सहावी कोणाले काढू देत नसे. माही गोटी मारून वरून म्हणे, जाय, घरी जाऊन रड."

मले काई समजलं नाई.

"पटावर पाहा ना. जास्तीच्या फुल्या कोणाच्या गोट्याखाली हायेत?"

वाकून पाह्यलं. तीन जास्तीच्या फुल्या, तिन्हीवर माह्या गोट्या. चौथी माही गोटी उघड्यावर. तिच्या गोटीपासून मोजली. बरोबर चार घरं.

"मारल्याबिगर आतल्या घरात जाता येत नाई, भाऊ. तिची एक तरी गोटी कधी मधात गेली का?"

चाळीस वर्सं आठवून पाह्यली. नाई.

"काहून पण?" मी म्हटलं.

"मी इचारलं होतं तिले. म्हणे, हारले का बुढा दोन दोन दिवस बोलत नाई. मंग घरात मले दुसरं कोण हाये बोलाले?"

मी बहिणीले म्हटलं, "आज राहू दे. सकाळी मी पाहतो."

सकाळी उठलो आन् पटापाशी गेलो. तिचा चंग पडलेलाच होता. तिची बांगडीच्या काचेची गोटी उचलली, चार घरं नेली आन् माही गोटी मारली. मंग तिच्याच नावानं चिंचोके टाकत गेलो. माहा डाव घेतलाच नाई. तिच्या चारही गोट्या मधात जाऊन बसल्या.

मंग शेण कालवलं. जन्मात कधी सारवलं नव्हतं. कौसाबाई दारातून पाहून राह्यली होती. म्हणे, "भाऊ, दाबून फिरवा हात, रेघा दिसून राह्यल्या."

मी दाबून फिरवला.