तोंडओळख

चष्मेवाल्यांनी दार बोटभर उघडलं, एक डोळा बाहेर काढून पाहिलं आणि झटकन दार लावून घेतलं.

"आहेत का?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"आहेत. तारेवर."

"दोघंही?"

"दोघं नेहमीचेच. आज तिसरा एक सोबत आणलाय. त्याला माझं तोंड दाखवायला आणला असणार."

"मग दाखवा की. तेवढंच कुणीतरी हौसेने बघायला आलं," बायको म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसू लागली.

चष्मेवाले हसले नाहीत. माळ्यावरून काढलेलं जुनं हेल्मेट त्यांनी डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा आवळला, छत्री अर्धवट उघडली आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे त्यांचं चष्म्यांचं दुकान. इतकी वर्षं हा रस्ता त्यांनी चहाचा शेवटचा घोट तोंडात ठेवून ओलांडला होता. आता तोच ओलांडायला त्यांना हेल्मेट आणि छत्री लागत होती.

ही सगळी पक्षीनिरीक्षणाची कृपा होती.

रक्तदाबाची गोळी लिहून देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, "एखादा शांत छंद लावून घ्या. जिवाला घोर नाही असा." शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई दर रविवारी सकाळी काही मंडळींना तळ्यावर पक्षी दाखवायला नेत. चष्मेवाले त्यांच्यात जाऊ लागले. हवा छान, मंडळी छान, मंडळींचे डबे तर फारच छान. फक्त पक्षी दिसत नसत. "त्या वाळक्या फांदीवर, पानाआड," असं बाई कुजबुजत, सगळे एकदम "अहाहा" करत आणि चष्मेवाल्यांना तेवढं पान दिसे. दुर्बीण फिरवून फिरवून मान अवघडली की ते पानालाच "अहाहा" म्हणून मोकळे होत. गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या नाकावर आपण बसवलेले चष्मे आणि आपल्याला समोरची फांदी दिसू नये, ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. मात्र एकदा पाण्यावरून निळा खंड्या झर्रकन गेला होता आणि तो त्यांना सगळ्यांच्या आधी दिसला होता. पुढचा आठवडाभर ते गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलत होते, की एकाने त्यांच्या घरी जाऊन "काका आजारी आहेत का?" म्हणून चौकशी केली.

अशातच एका सकाळी दुकानाच्या पायरीवर कावळ्याचं पिल्लू बसलेलं दिसलं. आखूड शेपूट, लालभडक तोंड, चेहऱ्यावर जगाबद्दल तक्रार. समोरून टेम्पो धडधडत जात होते. पक्षीनिरीक्षक म्हणून आपलं काही कर्तव्य आहे असं चष्मेवाल्यांना वाटलं. काचा पुसायच्या फडक्यात त्यांनी पिल्लू अलगद उचललं आणि दुकानाशेजारच्या मोठ्या कुंडीत झाडाच्या सावलीला ठेवलं. कामगिरीवर खूश होऊन ते वळले, तोच मागून कुणीतरी डोक्यात सणसणीत टपली मारली. ते "कोण आहे रे?" म्हणेपर्यंत दुसरी बसली.

त्यांनी दुकानात शिरून बाईंना फोन लावला.

"बाई, कावळे मला मारतायत!"

"हो? कुठून आले? केवढ्या उंचीवरून?" बाईंचा आवाज आनंदाने थरथरत होता.

"मागून आले. उंची बघायला मी वळलो नाही."

"वळू नकाच. समोरून डोळ्यांवर येऊ शकतात."

चष्मेवाले मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांचाच धंदा केला होता.

"भाग्यवान आहात हो तुम्ही," बाई सांगत होत्या. "कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. इतर कावळ्यांनाही शिकवतो."

"किती दिवस लक्षात ठेवतो?"

बाईंनी उलट विचारलं, "तुमचं वय काय?"

त्या दिवसापासून चष्मेवाल्यांचं जगणं कठीण झालं. टोपी घातली, टोपीवर टपली बसली. छत्री घेतली, तर कावळे छत्रीखालून आले. दोन पोळ्या कुस्करून पायरीवर ठेवल्या. कावळ्यांनी त्या शांतपणे खाल्ल्या, चोची पुसल्या आणि मग मारलं. दुकानात बसावं तर त्यातला एक काचेबाहेर येऊन आत टक लावून बघत बसे.

"तिसरी ओळ वाचा," चष्मेवाले हेल्मेट सावरत एका आजोबांना म्हणाले.

"तिसरी नाही दिसत. पण तुमच्या मागे खिडकीत कावळा आहे, तो स्पष्ट दिसतोय," आजोबा म्हणाले. "तुमच्याकडेच बघतोय. चांगला नाही बघत."

चष्मेवाल्यांच्या हातातली काच खाली पडली.

शेवटी त्यांनी एक धाडसी बेत केला. ऊन लागू नये म्हणून बायको बाहेर जाताना एक लांब फुलाफुलांचा कोट घालत असे आणि तोंडाला रुमाल गुंडाळत असे. चष्मेवाल्यांनी तो कोट चढवला, रुमाल बांधला, वर काळा चष्मा लावला आणि छातीत धडधड घेऊन रस्त्यात पाऊल टाकलं. तारेवर हालचाल नाही. दुसरं पाऊल. तरी नाही. समोरून येणारे औषधाचे दुकानदार "नमस्कार वहिनी" म्हणून बाजूला झाले, तेव्हा तर चष्मेवाल्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी बारीक आवाजात उलट नमस्कारही केला. पण दुकानापाशी कुलूप दिसेना म्हणून त्यांनी काळा चष्मा काढला, गुदमरायला लागलं म्हणून रुमाल खाली ओढला आणि सवयीने वर पाहिलं.

तारेवरचे दोघं खाली पाहत होते. त्यांनी चेहरा बघितला आणि मग कोट बघितला.

दुसऱ्या दिवशी बायको भाजी आणायला गेली ती रिकाम्या हाताने, विस्कटलेल्या केसांनी धापा टाकत परत आली.

"अहो, मला मारलं त्यांनी! मला! मी काय घोडं मारलंय त्यांचं?"

"तू काही नाही केलंस गं," चष्मेवाले अपराधी आवाजात म्हणाले. "कोटाला मारलं त्यांनी."

मग झालेला प्रकार त्यांना सांगावा लागला. बायकोचं हसणं त्या दिवसापासून बंद झालं. आता सकाळी दोघंही दाराशी उभे राहून आधी कुणी जायचं यावरून एकमेकांना आग्रह करू लागले.

त्यातच औषधाचे दुकानदार घरी आले. त्यांच्या कपाळावर चिकटपट्टी होती.

"तुमच्या पाहुण्यांनी माझी गिऱ्हाइकं पळवून लावली," ते म्हणाले. "हे आता बास. दुपारी माझा माणूस काठी घेऊन येतो. पाच मिनिटांचं काम आहे. पिल्लूच राहिलं नाही की आईबाप दोन दिवसांत निघून जातात. तुम्ही फक्त हो म्हणा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यांना हो म्हणायचं होतं. रोज टपली खाऊन टाळू हुळहुळली होती आणि झोपेतही पंखांची फडफड ऐकू येत होती. त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात खिडकीतून पलीकडची कुंडी दिसली. पिल्लू कुंडीच्या काठावर चढलं, पंख पसरले, उडी मारली आणि तोंडावर आपटलं. इकडेतिकडे बघून, कुणी पाहिलं नाही अशी खात्री करून ते परत चढू लागलं.

"नको," चष्मेवाले म्हणाले.

"का नको?"

"ते अजून शिकतंय."

"मग भोगा!" दुकानदार म्हणाले आणि डोक्यावर पिशवी धरून पळत निघून गेले.

दुपारी जेवण झाल्यावर चष्मेवाले पुन्हा खिडकीशी आले. दोघं कावळे तारेवर होते आणि नेहमीसारखे चष्मेवाल्यांच्या दाराकडे डोळे लावून बसले होते. पिल्लू पायरीवर होतं. पायरीमागच्या नळाआडून एक पिवळं मांजर पोट जमिनीला घासत पुढे सरकत होतं.

"अगं, मांजर!" चष्मेवाले ओरडले. "आणि हे मूर्ख माझ्यावर पहारा देतायत!"

"कुठे निघालात? हेल्मेट!"

पण ते केव्हाच रस्त्यात पोचले होते. पायात चप्पल नव्हती, डोकं उघडं होतं. तारेवरून दोघं सुटले, कुठूनसा तिसराही आला. टपल्या पडत होत्या, कानाला काहीतरी चावलं, डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते आणि मिटले तर मांजर दिसणार नव्हतं. "अरे मागे बघा! मागे! मी नाही, ते!" असं ते कावळ्यांना बोंबलून सांगत होते. बोंबलणारा माणूस आणि त्याच्या डोक्यावर तीन कावळे हे दृश्य अंगावर येताना बघून मांजराने शेपूट फुगवली आणि ते गटारावरून उडी मारून दिसेनासं झालं. पिल्लाचीही पाचावर धारण बसली. त्याने जिवाच्या आकांताने पंख फडफडवले आणि ते पायरीवरून उठून थेट दुकानाच्या पाटीवर गेलं, पाटीवरून झाडात.

चष्मेवाले पायरीवर बसले. कानाच्या पाळीतून रक्त येत होतं. बायको डोक्यावर पातेलं धरून कापूस घेऊन धावत आली.

"बघितलंस?" ते धापा टाकत म्हणाले. "उडालं! पहिल्यांदा उडालं!"

"बघितलं. कान इकडे करा."

"माझ्यासमोर उडालं गं."

कावळ्यांनी जाता जाता दोघांनाही आणखी एकेक टपली दिली. पण हळूहळू त्यांचा जोर ओसरला. पिल्लू आईबापांबरोबर लांब लांब जाऊ लागलं, तार रिकामी दिसू लागली आणि एका सकाळी चष्मेवाले भीत भीत, उघड्या डोक्याने, चहाचा घोट तोंडात धरून दुकानात पोचले.

त्या रविवारी ते पुन्हा तळ्यावर गेले. बाई सगळ्यांना पाणलावा दाखवणार होत्या. चिखलात, गवतात दबा धरून बसणारा, पायाखाली येईपर्यंत न दिसणारा तो लाजरा पक्षी बाईंना कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. मंडळी मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन पाऊल न वाजवता पुढे चालली होती. चष्मेवाले सर्वांत मागे होते. इतक्यात डोक्यावरून कुणीतरी ओरडलं, "काव!"

चष्मेवाल्यांनी विचार केलाच नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते चिखलात सपशेल आडवे झाले.

डोळे उघडले तर नाकासमोर, हातभर अंतरावर, गवताच्या बुडाशी कुणीतरी तसंच अंग चोरून बसलेलं होतं. लांब चोच, पाठीवर सोनेरी रेघा आणि डोळ्याभोवती पांढरीशुभ्र कड, अगदी फ्रेम बसवून दिल्यासारखी. पाणलावा हलत नव्हता. फक्त त्याचा गळा भराभर धडधडत होता. ती धडधड कसली असते हे चष्मेवाल्यांना कुणी सांगायला नको होतं.

"काय झालं हो?" पुढून बाईंची हाक आली. सगळ्या दुर्बिणी मागे वळल्या. "काही दिसलं का?"

पाणलावा चष्मेवाल्यांकडे बघत होता. चष्मेवाले त्याच्याकडे बघत होते.

"काही नाही, बाई," ते चिखलातूनच म्हणाले. "कावळा."

मंडळी खो खो हसली आणि पुढे निघाली. पावलांचा आवाज लांब गेल्यावर पाणलाव्याने मान वर केली, एकेक पाय जपून उचलत तो गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. चष्मेवाले मात्र त्यानंतरही बराच वेळ उठले नाहीत. कावळा अजून वरच होता.