खोकल्याची साक्ष

कोणतं औषध लिहून द्यावं आणि कोणतं नाही, हे आजारालाच विचारून ठरवायचं असा मिरजेच्या औषध-मार्गदर्शन समितीचा नियम होता, म्हणून सोमवारी घोडकेमास्तरांच्या खोकल्याला साक्षीला बोलावलं. मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. खोकला तेवढा मागे राहिला होता आणि एसटी स्टँडवर मिळेल त्याच्या घशात दिवस काढत होता.

मास्तरांच्या पत्नी शालिनीबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. तांबड्या सिरपची बाजू मांडायला त्या हट्टानं आल्या होत्या. रोज रात्री त्यांनी ते स्वतःच्या हातानं नवऱ्याला पाजलं होतं. ते फुकट गेलं असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांचा जीव तीळतीळ तुटला असता. खोकल्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. मेला! एवढी वर्षं घरचं आलं-मध खाल्लं आणि माणूस गेल्यावर दाराशी फिरकलासुद्धा नाही.

"सिरपनं आपण कमी होत होता का?" अध्यक्ष डॉ. शिरोळेबाईंनी विचारलं.

"नाही," खोकला म्हणाला.

"खोटं बोलतोय!" शालिनीबाई ताडकन उठल्या. "औषध दिलं की घटकाभरात गप्प व्हायचा. मी या कानांनी ऐकलंय. म्हणजे, काहीच ऐकू यायचं नाही!"

"शालिनीताई, साक्षीदाराला बोलू द्या." डॉक्टर खोकल्याकडे वळल्या. "मग आवाज थांबायचा कशानं?"

खोकला घुटमळला. "वहिनींसमोर सांगायचं नव्हतं. मास्तरांनी शपथ घातली होती."

"इथे पुरावा लागतो हो," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"ते उशीत तोंड खुपसून मला दाबायचे. म्हणायचे, गप रे बाबा, तिनं एवढ्या विश्वासानं पाजलंय, झोपू दे तिला."

शालिनीबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावून पुष्कळ रडल्या. "वेडा माणूस! असं कुणी करतं का हो?"

प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याची नोंद झाली. सिरप एकमतानं यादीतून वगळलं. शालिनीबाईंनी हरकत घेतली नाही.

बाहेर खोकला जिन्यापाशी अंग चोरून उभा होता.

"जेवलास का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, वहिनी."

"मग चल घरी."

घरी त्यांनी त्याला ऊन ऊन मऊ भात वाढला. मास्तरांची खाट घातली आणि आपण शेजारी आडव्या झाल्या. खोकला बिचारा सवयीनं दबून बसला होता.

"आता कसली चोरी?" त्या म्हणाल्या. "खोक मोकळ्यानं. मी जागी आहे."