काळ्या खिडकीचा बंदोबस्त

तात्पुरती सोय कायमची व्हायला दोनच गोष्टी लागतात. एक, ती चालली पाहिजे. दोन, ती कशी चालते हे ऑफिसात एकाच माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

बाटल्यांची झाकणं विकणाऱ्या एका प्रतिष्ठित कंपनीत (प्रतिष्ठित म्हणजे लिफ्ट असलेल्या) हा माणूस म्हणजे नेटवाला. ऑफिस रस्त्याच्या अलीकडे, गोदाम पलीकडे. झाकणं किती उरली, हे ऑफिसचे कॉम्प्युटर गोदामाच्या कॉम्प्युटरला विचारायचे. पण ऑफिस ठोठावायचं एका नंबरचा पोर्ट, आणि गोदामाचा कॉम्प्युटर कान लावून बसायचा भलत्याच नंबरच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं दार. पाहुण्याने पुढचं दार वाजवावं आणि यजमानाने मागच्या दारी वाट बघावी, तसला प्रकार.

नेटवाल्याने आपल्या कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची एक काळी खिडकी उघडली, निरोप इकडचे तिकडे पोचवणारा एक फुकटचा प्रोग्राम घेतला आणि एकच ओळ टाइप केली. अर्थ एवढाच, की या दारावर येईल ते त्या दारावर नेऊन टाक आणि मिळेल ते उत्तर परत आण. एंटर मारला. झाकणं दिसू लागली. मोठे साहेब चक्क खुर्चीतून उठले (ही घटना दुर्मिळ आहे).

"बाकी काही नाही साहेब, ही खिडकी तेवढी कोणी बंद करू नका. ती मिटली की निरोप थांबले," चहाला निघता निघता नेटवाला म्हणाला.

झालं! त्या एका वाक्यावर अख्खं खातं उभं राहिलं. सोमवारी परिपत्रक निघालं : 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, काळ्या खिडकीपासून तीन फुटांच्या आत शिंकण्यास सक्त मनाई आहे.' सफाईच्या मावशींना ते टेबल पुसायची बंदी झाली (तिथली धूळ आता कंपनीची मालमत्ता होती). खिडकीसमोर एक निरीक्षक बसवला. त्याला डुलकी लागते म्हणून दुसरा. दोघे गप्पा मारतात म्हणून तिसरा. तिमाही अहवालानुसार खिडकी उघडी राहण्याचं प्रमाण शंभर टक्के होतं. निरीक्षक जागे राहण्याचं प्रमाण 'चौकशीअंती कळविण्यात येईल'. नेटवाला खिडकी-अधिकारी झाला आणि त्याला फिरती खुर्ची मिळाली.

आता गंमत बघा. त्या ओळीच्या आधी एक छोटा शब्द आणि शेवटी एक चिन्ह टाकलं, की तोच प्रोग्राम पडद्यामागे निमूट चालतो. खिडकी खुशाल मिटा. हे नेटवाल्याला दुसऱ्याच दिवशी आठवलं होतं. सांगायला तो साहेबांच्या केबिनमध्ये गेलाही. साहेबांनी हातात बढतीचं पत्र ठेवलं आणि चिन्ह घशातच राहिलं. अधिकाऱ्याने अशा बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालणं बरंही दिसत नाही.

अडचण एकच होती, बायको. लग्न झाल्यापासून तो तिला समुद्र दाखवणार होता. पण रजेच्या प्रत्येक अर्जावर साहेबांचा शेरा यायचा, 'खिडकीच्या हितास्तव नामंजूर'. वाळूत चालायला म्हणून घेतलेली तिची चप्पल भाजी आणण्यातच झिजली.

"एवढी लाडकी आहे ती, तर तिच्याशीच लग्न करायचं होतं की!" ती म्हणाली. नेटवाल्याने रजेचा आणखी एक अर्ज लिहायला घेतला. खरंच घेतला बिचाऱ्याने. पण खुर्ची फार छान फिरत होती.

शेवटी तिनेच दोन तिकिटं काढली आणि पिशवी खांद्याला लावून थेट ऑफिसात आली.

"वहिनी, तीन फूट!" निरीक्षक ओरडले.

"हीच का ती सवत?" म्हणत वहिनींनी माऊस धरला आणि कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली.

खिडकी मिटली. साहेब धावत आले (याची तर नोंदच नाही). सगळ्यांनी जीव मुठीत धरून पडद्याकडे पाहिलं.

झाकणं दिसतच होती.

गोदामवाल्या काकांना फोन लावला. "अहो, तो जुना कॉम्प्युटरचा डबा केव्हाच भंगारात गेला," काका म्हणाले. "नवा आलाय ना, तो सरळ तुमच्याशीच बोलतो. सांगितलं होतं की तुमच्या निरीक्षकाला!"

"मी तेव्हा जागा होतो का, ते बघावं लागेल," निरीक्षक म्हणाला.

नेटवाल्याला हायसं वाटलं. त्याने बायकोची पिशवी उचलली. "मग निघू का साहेब?"

"निघू? अहो, खिडकी बंद झाली आणि काहीच बंद पडलं नाही, हे केवढं गंभीर आहे! उद्या लोक म्हणतील, या खात्याची गरजच नव्हती. आधी ती उघडा. आणि चौथा निरीक्षक नेमा."

नेटवाल्याने बायकोकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. मग तो बसला आणि त्याने तीच ओळ पुन्हा टाइप केली, भंगारातल्या डब्याकडे निरोप धाडणारी.

बायको एकटीच गेली. संध्याकाळी फोटो आला : समुद्र, पाण्यात तिचे पाय, शेजारी एक रिकामी खुर्ची, न फिरणारी.

हसलात? छान. आता तुमच्या मोबाइलमध्ये 'लागेल कधीतरी' म्हणून उघड्या ठेवलेल्या त्या पन्नासेक खिडक्यांपैकी एक मिटून दाखवा. नाही ना होत? राहू दे. निदान मान वर करून बघा, घरचं माणूस केव्हाचं पिशवी घेऊन दारात उभं आहे.